माणूस हकनाक गेल्यावर

(पुण्यात वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



मी वकील नाही, हे आधीच सांगते. समाजकार्याची पदवी घेतल्यापासून वस्त्यांमधून आणि कोर्टाच्या आवारातून फिरते आहे. त्या फिरण्यातून जे कळलं, तेवढंच बोलणार आहे. कलमांचे आकडे कमी सांगेन, पण तारखा आणि मुदती पुन्हा पुन्हा सांगेन. कंटाळा आला तरी त्या लिहून घ्या.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. नोकरीला लागून मला दोनच वर्षं झाली होती. एक मावशी आमच्याकडे आल्या. त्यांची चोवीस वर्षांची मुलगी बाळंतपणात एका खासगी रुग्णालयात गेली होती. रक्तस्राव थांबेना आणि मोठे डॉक्टर वेळेवर आले नाहीत, असं मावशींचं म्हणणं. मी त्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. डॉक्टरांवर गुन्हा नोंदवायचा तर आधी सरकारी डॉक्टरांच्या समितीचा अभिप्राय लागतो, असं तिथे सांगितलं. त्यात खोटं काही नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तशी अट घातलेली आहे. मग आम्ही अभिप्रायाची वाट पाहत बसलो. मावशी दर महिन्याला यायच्या आणि मी सांगायची, "आधी समितीचं येऊ दे, मग पुढचं बघू." अभिप्राय यायला दोन वर्षांवर चार महिने गेले. तेवढ्यात ग्राहक मंचात दाद मागायची दोन वर्षांची मुदत संपली होती. उशीर माफ करावा म्हणून अर्ज केला, तो फेटाळला गेला. त्या दिवशी मावशी मला रागावल्या नाहीत. रिक्षात बसताना एवढंच म्हणाल्या, "ताई, तुम्हाला ठाऊक नव्हतं होय?"

ठाऊक होतं. ग्राहक कायदा मी एमएसडब्ल्यूला शिकले होते. पण न्याय म्हणजे पोलीस केस, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. भरपाई मागणं म्हणजे मुलीच्या जिवाचे पैसे करणं, असं कुठेतरी मलाही वाटत होतं. आपल्याकडे त्याला फार वाईट शब्द आहे, मढ्याच्या टाळूवरचं लोणी. दशक्रिया होत नाही तोवर शेजारीपाजारी, भावकी हा शब्द काढतात, आणि ज्या बाईने दावा करायचा ती तोंड लपवून बसते. आज मला जे सांगायचंय ते या शब्दाच्या विरुद्ध आहे. शिक्षेचा रस्ता सरकारचा असतो. भरपाईचा रस्ता घरच्यांचा असतो. पहिला संपेपर्यंत दुसरा थांबत नाही.

आता पुण्यातलीच दोन प्रकरणं शेजारी शेजारी ठेवते. पहिलं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मंजुश्री सारडा गेली तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. इथे बसलेल्या काही ज्येष्ठ मैत्रिणी तेव्हा रस्त्यावर होत्या. विद्याताई बाळ आणि नारी समता मंचाच्या मैत्रिणींनी केलेलं 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन त्यांनी पाहिलं आहे. मी फक्त तारखा सांगते. ११ फेब्रुवारी १९८२ ला लग्न झालं. बरोबर चार महिन्यांनी, ११ जूनच्या रात्री, पोटॅशियम सायनाइडने मृत्यू. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १७ जुलै १९८४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. तो निकाल अंतिम आहे, तो आज उकरायचा नाही. पण त्यातून शिकायचं बरंच आहे.

मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. मेलेल्या माणसाने आपल्या मृत्यूच्या परिस्थितीबद्दल जे लिहून किंवा बोलून ठेवलं, ते पुरावा म्हणून घेता येतं, हे याच निकालात ठळकपणे मांडलं गेलं. आजही देशभर त्याचा आधार घेतात. आता गंमत पाहा, गंमत म्हणवत नाही पण पाहा. ज्या पत्रांत तिने सासरचं दुःख सांगितलं, त्याच पत्रांतल्या निराशेवरून न्यायालय म्हणालं की तिने स्वतःच जीव दिला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. आणि शक्यता उरली की संशयाचा फायदा आरोपीला. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कुठेही तुटता कामा नये, त्याची पाच तत्त्वं या निकालाने घालून दिली. न्यायमूर्ती फझल अली यांनी त्यांना पंचशील म्हटलं. आरोपीच्या बाजूने विचार केला तर ती तत्त्वं बरोबरच आहेत. उद्या आपल्याच वस्तीतल्या कुणा पोरावर खोटी केस झाली तर तीच त्याला वाचवतील.

फरक कायद्यात पडायला हवा होता, आणि बायकांच्या चळवळीने तो पाडून घेतला. १९८२ च्या जूनमध्ये ४९८अ नव्हतं. ते १९८३ च्या डिसेंबरात आलं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईने जीव दिला आणि तिचा छळ होत होता हे दाखवलं, तर नवऱ्याने किंवा सासरच्यांनी तिला प्रवृत्त केलं असं न्यायालय गृहीत धरू शकतं, ही तरतूदही त्याच वेळची. हुंडाबळीचं ३०४ब आलं १९८६ च्या नोव्हेंबरात. १ जुलै २०२४ पासून आकडे बदलले आहेत. त्या तारखेनंतरच्या घटनांना न्याय संहितेत हुंडाबळीचं कलम ८० लागतं, छळाचं ८५, आत्महत्येला प्रवृत्त केल्याचं १०८, आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं १०६. म्हणजे तशीच पत्रं आज कोर्टात आली, तर 'हिने स्वतः जीव दिला असेल' एवढ्यावर विषय संपणार नाही.

आता दुसरी गोष्ट. आपल्याकडे १८५५ चा एक कायदा आहे, फेटल अ‍ॅक्सिडेंट्स अ‍ॅक्ट. नावात अपघात असला तरी तो तेवढ्यापुरता नाही. कुणाच्या चुकीच्या कृत्याने, हयगयीने किंवा कसुरीने माणूस मेला, तर त्याच्या नवरा-बायको, आईवडील आणि मुलांसाठी दिवाणी कोर्टात नुकसानभरपाई मागता येते. आजी-आजोबा आणि नातवंडंही त्यात धरलेली आहेत, भाऊ-बहीण मात्र नाहीत. ते कृत्य फौजदारी गुन्हा असलं तरी हा दावा चालतो, असं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मुदत मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षं. मंजुश्रीच्या बाबतीत दोन वर्षं भरली १२ जून १९८४ ला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १७ जुलैला. फौजदारी निकाल लागू दे मग बघू, असं म्हणणाऱ्या कुणाचंही हेच होतं. आधी मुदत जाते आणि नंतर निकाल लागतो. दिवाणी कोर्टात संशयातीत पुरावा लागत नाही, कुणाचं म्हणणं अधिक संभवनीय आहे ते पाहतात. फौजदारीत सुटलेला माणूस तिथे जबाबदार ठरू शकतो. अर्थात कायदा जुना आहे. त्याच्या हक्कदारांच्या यादीत नवरा पहिल्या रांगेत आहे, आणि लग्न झालेली मुलगी गेल्याने आईवडिलांचं 'आर्थिक' नुकसान काय झालं, असा प्रश्न विचारायला तो लाजत नाही. त्याकडे मी नंतर येते.

दुसरं प्रकरण मंजुश्रीच्या आधी तीस वर्षांचं. दौंडला डॉक्टरकी करणाऱ्या गोडबोले यांचा वीस वर्षांचा मुलगा आनंद. ६ मे १९५३ ला संध्याकाळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर अपघात होऊन त्याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. दोन-अडीच दिवस फळ्या बांधून ठेवलं, मग टॅक्सीत आडवं घालून सुमारे दोनशे मैल पुण्याला आणलं. ९ मेच्या दुपारी त्याला डॉ. लक्ष्मण जोशी यांच्या रुग्णालयात दाखल केलं. मॉर्फियाचं इंजेक्शन दिलं आणि पायाला प्लॅस्टर घातलं. मॉर्फियाचा अंमल सातपर्यंत उतरेल असं सांगितल्यामुळे वडील दौंडला परत गेले. आई खोलीत बसून राहिली. साडेसहाच्या सुमारास मुलाला श्वास लागतोय हे तिनेच पाहिलं. रात्री नऊला मुलगा गेला. चरबीची गाठ रक्तवाहिनीत अडकून मृत्यू झाला, असा दाखला मिळाला.

आईवडिलांनी दिवाणी दावा लावला. भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर, जास्तीचा जोर लावून हाड बसवलं आणि त्या धक्क्याने मुलगा गेला, हे त्यांचं म्हणणं कोर्टाने मान्य केलं. खालच्या कोर्टाचा निकाल उच्च न्यायालयात टिकला आणि २ मे १९६८ ला सर्वोच्च न्यायालयातही टिकला. भरपाई किती? तीन हजार रुपये. पंधरा वर्षं भांडून तीन हजार! पण डॉक्टरची रुग्णाप्रती कर्तव्यं काय, हे त्या निकालाने लिहून ठेवलं आणि आजही वैद्यकीय हयगयीच्या निकालांत ते उद्धृत होतं. वडील स्वतः डॉक्टर होते, म्हणून त्यांना प्रश्न विचारता आले. आपल्या मावशींना कोण सांगणार होतं? १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते असं ठरवल्यावर हा रस्ता थोडा सोपा झाला. पाच लाखांपर्यंत खर्च केलेल्या सेवेच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फीही नाही. मुदत मात्र दोन वर्षंच. आणि माझं काय झालं ते तुम्ही ऐकलंत.

आता 'आर्थिक नुकसान काय' या प्रश्नाकडे येते. यावर जरा थांबणार आहे, कारण वकीलसुद्धा इथे घाई करतात.

वाहन अपघातात कमावता पुरुष गेला तर पगाराची स्लिप दाखवली की गणित सुरू होतं. घर सांभाळणारी बाई गेली तर? १९९४ पासून कित्येक वर्षं मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टात सूत्र होतं की न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न म्हणजे कमावणाऱ्याच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा. म्हणजे हमालाच्या बायकोचा स्वयंपाक स्वस्त आणि साहेबाच्या बायकोचा महाग. २०१० च्या एका निकालात न्यायमूर्ती गांगुलींनी यावर कडक लिहिलं. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या बरोबरीने 'काम न करणाऱ्यां'त मोजलं होतं, तेही त्यांनी दाखवून दिलं.

त्याआधी लता वाधवा खटला झाला होता. जमशेदपूरला ३ मार्च १९८९ ला समारंभाच्या मंडपाला आग लागली आणि साठ माणसं गेली. त्यांत बायका-मुलंच जास्त. भरपाई ठरवायचं काम माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे होतं. त्यांनी गृहिणीच्या कामाचं मोल वर्षाला १२ हजार धरलं. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ते फार कमी आहे म्हणून ३६ हजार केलं. महिन्याला तीन हजार. अगदी अलीकडे, जानेवारी २०२१ मध्ये, दिल्लीतल्या एका जोडप्याच्या अपघाती मृत्यूच्या प्रकरणात न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारच्याच २०१९ च्या वेळवापर पाहणीचे आकडे दिले. बिनपगारी घरकामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि पुरुष ९७. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर न्यायालयाने सांगितलं की गृहिणीचं मोल रोजंदारी मजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी धरता येणार नाही.

हे वरच्या कोर्टाचं झालं. खाली दाव्याच्या कागदावर काय असतं? 'मयत ही घरकाम करत होती.' एक ओळ! ही ओळ बदलणं तुमचं काम आहे, कारण तिचा दिवस वकिलाला माहीत नसतो, तुम्हाला असतो. मागे एक दावा आम्ही असा लिहून दिला: पहाटे साडेचारला नळाला पाणी, चार हंडे आणि दोन बादल्या. दोन मुलांचे डबे. सासऱ्यांना दोन वेळा इन्सुलिन, ते टोचायला ती दवाखान्यात जाऊन शिकली होती. आठ ते बारा तीन घरची धुणीभांडी. दुपारी शिवणाची मशीन. ती गेल्यावर सासऱ्यांच्या इंजेक्शनला रोज कंपाउंडर बोलवावा लागतो, त्याचे किती. मुलांच्या डब्याचे किती. तिन्ही घरच्या बाईंकडून पगाराच्या चिठ्ठ्या लिहून आणल्या. एकीने टाळाटाळ केली, तिचं राहू दे. तिच्या नवऱ्याने तो कागद वाचला आणि बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "एवढं करत होती?" यावर मी काही बोलत नाही.

वाहन अपघाताची मुदत आता लिहून घ्या. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिने. मधली बरीच वर्षं मुदत नव्हती, त्यामुळे जुने वकीलही 'कधीही करू' म्हणतात. या मुदतीविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्यांचा निकाल लागेपर्यंत उशिरामुळे दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश झाला. पण अंतरिम आदेशावर कुणाचं घर चालवू नका, सहा महिने धरूनच चाला. चूक कुणाची हे सिद्ध न करता पाच लाखांची मागणी करता येते. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून दोन लाख. रस्त्यावरचा खड्डा किंवा उघडं मॅनहोल यामुळे कुणी गेलं, तर मुंबई आणि आसपासच्या महापालिकांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सहा लाखांचा आदेश दिलाय. आपल्या महापालिकेकडे अर्ज करताना तो सोबत जोडा. गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगाराच्या घरच्यांना तीस लाख, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा आदेश.

कामावरचे मृत्यू. मुळशी तालुक्यातल्या उरवड्याच्या रासायनिक कारखान्यातली आग तुम्हाला आठवत असेल, ७ जून २०२१. सतरा कामगार गेले, बहुतेक बायका. देह ओळखण्यासाठी डीएनए तपासावा लागला. राज्य सरकारने पाच लाख जाहीर केले, पंतप्रधान निधीतून दोन लाख. अशा वेळी वस्तीत सगळ्यांना वाटतं की मिळाले, संपलं. मंत्र्याने जाहीर केली ती मदत. ती सरकारच्या मर्जीची आहे. कामगार भरपाईचा कायदा १९२३ सालापासून आहे, तो हक्क आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. मालकाची चूक दाखवावी लागत नाही, काम करताना आणि कामामुळे मृत्यू झाला एवढं पुरतं. बाई ईएसआयमध्ये असेल तर आश्रितांना तिथून पगाराच्या नव्वद टक्क्यांपर्यंत निवृत्तिवेतन मिळतं, मग भरपाईचा वेगळा दावा होत नाही. मालकाचा माणूस पाकीट घेऊन घरी येतो आणि 'आता काही देणं-घेणं नाही' अशा कागदावर अंगठा मागतो. पाकीट घ्यायचं तर घ्या, त्या कागदावर अंगठा देऊ नका.

कामावर जातायेता झालेले अपघातही यात येतात. त्यासाठी आता धाराशिव म्हणतात त्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराची बायको लढली. पहाटे कामावर जाताना २००३ मध्ये तो गेला. तिला अनुकूल निकाल सर्वोच्च न्यायालयातून मिळाला जुलै २०२५ मध्ये. बावीस वर्षं.

पैसे येतात तेव्हाचा प्रसंग वेगळाच. नवरा गेलेली सून आणि मुलगा गेलेली सासू, दोघी आपल्याकडेच येतात, कधी एकाच दिवशी. सुनेच्या दिराने कोऱ्या कागदांवर तिच्या सह्या घेतलेल्या असतात. शवागाराच्या बाहेर भेटलेल्या एजंटने टक्केवारी ठरवलेली असते. तुम्ही कुणाची बाजू घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण आईचाही हक्क असतो हे विसरू नका. सगळे वारस एकाच दाव्यात घाला. वाटणी न्यायाधिकरण करतं आणि मुलांचा हिस्सा बँकेत ठेवतं. सून दुसरं लग्न करणार म्हणून तिचा हिस्सा जात नाही, मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे विमा कंपनीला सुनावलं आहे. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे साधा अर्ज द्यायचा. गुन्ह्यात बळी गेलेल्याच्या आश्रितांना भरपाई योजनेचा अर्जही तिथेच, आरोपी सापडला नसला तरी. शिवाय ३१ डिसेंबर २००९ पासून, आरोपी सुटला तर घरच्यांना स्वतः अपील करता येतं. त्याआधी सरकारच्या तोंडाकडे पाहत बसावं लागे. खटल्यात सरकारी वकिलाला मदत करायला आपला वकील देता येतो. पोलिसांनी नव्वद दिवसांत तपासाची प्रगती कळवायची आहे. कळवली नाही तर लेखी विचारा.

मुलगी सासरी गेली आणि सात वर्षं झालेली नसतील, तर पंचनामा दंडाधिकाऱ्याच्या अधिकाराचा माणूस करतो, म्हणजे बहुधा नायब तहसीलदार. तो येईपर्यंत देह हलवू देऊ नका. शंका असेल तर त्याच वेळी जबाबात लिहून घ्यायला लावा. तिसऱ्या दिवशी सुचलेली शंका कोर्टात फार महाग पडते. फिर्याद घेत नसतील तर पोस्टाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवा, मग न्यायदंडाधिकारी. तिचा फोन कुणी चार्ज करून 'साफ' करू नये. मंजुश्रीची पत्रं पोस्टाने आली होती, आताच्या मुलीचं पत्र फोनमध्ये असतं, आणि ते कोर्टात द्यायला प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन जपला तरच ते मिळतं. लग्नाचे फोटो, दागिन्यांच्या पावत्या जपा. मुलगी सात वर्षांच्या आत अनैसर्गिक कारणाने गेली तर हुंड्यात दिलेलं सगळं तिच्या मुलांचं होतं, मुलं नसतील तर आईवडिलांचं, असं हुंडाबंदी कायद्यातच आहे. २०२५ च्या मे महिन्यात भुकूमची वैष्णवी हगवणे गेली तेव्हा तिचं तान्हं बाळ कुणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. ते प्रकरण न्यायालयाचं आहे, पण मुलाच्या ताब्याचा अर्ज वेगळा असतो आणि तो लगेच करावा लागतो, एवढं त्यातून घ्या. रुग्णालयाकडे केस पेपर लेखी मागा, बहात्तर तासांत द्यायचा नियम आहे. सीसीटीव्हीचं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं, म्हणून पहिल्याच दिवशी दुकानदाराला आणि पोलिसांना पत्र द्या, त्याची पोच घ्या.

हे सगळं करायचं तेव्हा घरात सुतक असतं. आईला दोन घास जात नसतात. तिच्याकडून कागद मागायला जीव धजत नाही, माझाही धजत नाही. म्हणून आम्ही आता असं करतो की एक जण आईजवळ बसते आणि दुसरी कागद गोळा करते. एकीने दोन्ही करायचं नाही.

मावशी अजूनही येतात. नातू आता शाळेत जातो, त्याच्या फीसाठी त्या दोन घरी पोळ्या लाटतात. मागच्या महिन्यात शेजारच्या एका बाईला घेऊन आल्या, तिचा मुलगा कामावर पडून गेला, त्याला नऊ दिवस झाले होते. मला म्हणाल्या, "आधी तारीख लिहा."

जेवणानंतर आपण गटांत बसू. प्रत्येक गटाने आपल्याकडचं एक चालू प्रकरण आणलं आहे. फळ्यावर मृत्यूची तारीख लिहायची, शेजारी सहा महिने कधी भरतात ते, त्याच्या शेजारी दोन वर्षं. कामावरचा मृत्यू असला तरी दोन वर्षांच्या आतच दावा करायचा असं धरून चाला. येरवड्याच्या गटाच्या प्रकरणाला साडेपाच महिने झाले आहेत असं आत्ताच कळलं, तेव्हा त्याच्यापासून सुरू करू, आणि त्याचा अर्ज आज संध्याकाळी इथून उठायच्या आत लिहून होईल असं बघू.